नियम कडक केले की कारखाने बंद पडतात का? सुरतच्या धुराचं उदाहरण

प्रश्न असा आहे की पर्यावरणाचे नियम कडक केले की धंदा बसतो, कारखाने दुसऱ्या राज्यात जातात, पोरांच्या नोकऱ्या जातात, मग सरकारने विकास बघायचा की हवा-पाणी बघायचं, आणि दोन्ही एकदम जमल्याचं आपल्या जवळपासचं एखादं खरं उदाहरण आहे का. आहे. सुरतचं आहे, आणि मी ते बऱ्यापैकी जवळून बघितलंय कारण माझं कामच चिमणीतला धूर मोजायचं, आधी गुजरातेत केलं आणि आता जास्त करून आपल्याकडच्या एमआयडीसींमध्ये करतो. मूळचा नंदुरबारकडचा असल्याने सुरत आम्हाला मुंबई-पुण्यापेक्षा जवळची, खानदेशातली कितीतरी माणसं भुसावळ-सुरत गाडीत बसून तिकडे गेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागात राहिली, म्हणजे तिथल्या मिलच्या पगारावर जगणारीही आपलीच आणि तिथला धूर खाणारीही आपलीच. त्यामुळे "एक तर नोकरी नाहीतर फुफ्फुस" अशी निवड कोणी त्यांच्यापुढे ठेवली की मला राग येतो.

माझं मत आधी सांगून टाकतो. आपल्याकडचे नियम कागदावर चांगलेच कडक आहेत, पण मोजमाप खोटं असतं, आणि शिक्षा इतकी मोठी ठेवलेली असते की रोजच्या कामात ती वापरताच येत नाही. मोजमाप खरं केलं आणि धुरातल्या प्रत्येक किलो धुळीला काहीतरी भाव लावला, की कारखाना न बंद पडता धूर कमी होतो. हे सुरतमध्ये मोजून दाखवलं गेलंय.

आता नीट सांगतो. पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, आणि भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. यात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हातात काय होतं, तर नोटीस द्यायची, कोर्टात फौजदारी केस टाकायची, नाहीतर थेट क्लोजर, म्हणजे वीज तोडा पाणी तोडा. केस वर्षानुवर्षं चालते. क्लोजर दिलं की मालकाचं नुकसान होतंच पण पहिल्या दिवसापासून रोजी कोणाची बुडते तर स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून वाळवायच्या मशीनवर, उभ्या असलेल्या माणसाची, मग स्थानिक पुढारी मध्ये पडतात, मालक बँक गॅरंटी भरतो, लिहून देतो, आणि आठ-पंधरा दिवसांत मिल परत सुरू, धूर तसाच. थोडं जास्त प्रदूषण करणारा आणि प्रचंड करणारा, दोघांनाही तीच शिक्षा, त्यामुळे अधिकारीही थोड्यासाठी इतकं मोठं हत्यार काढत नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवेच्या कायद्यातल्या बऱ्याचशा तुरुंगाच्या तरतुदी काढून १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड आणला, आणि माझ्या मते दिशा बरोबर आहे, पण दंड किती किलोला किती असा हिशोब त्यातही नाहीये.

मोजमापाचं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हे कधी दिसत नाही. स्टॅक सॅम्पलिंग म्हणजे चिमणीला लोखंडी शिडी असते, वर प्लॅटफॉर्म, तिथे चिमणीला एक भोक, त्याला पोर्ट म्हणतात. त्यातून प्रोब आत घालायचा, त्यात थिंबल, म्हणजे जाड फिल्टर पेपरची बोटभर टोपी, आधी वाळवून वजन केलेली. धूर चिमणीतून ज्या वेगाने वर चाललाय त्याच वेगाने पंपाने ओढायचा, वेग चुकला तर जाड कण कमी-जास्त येतात आणि आकडा बिघडतो. अर्धा-पाऊण तास ओढायचं, थिंबल परत वाळवून वजन करायचं, जो फरक येईल ती धूळ, भागिले ओढलेली हवा, झाले मिलिग्रॅम प्रति घनमीटर. गुजरातेत मिलींच्या वाफेच्या बॉयलरांना मर्यादा १५० ची. पद्धत उत्तम आहे, अडचण इतकीच की आम्ही येणार हे मिलला माहीत असतं. त्या दिवशी बॉयलर अर्ध्या लोडवर, चांगला कोळसा, स्क्रबरचं, म्हणजे पाणी मारून धुरातली धूळ पकडणाऱ्या यंत्राचं, पाणी फुल सोडलेलं. आम्ही गाडीत बसलो की पाण्याचा पंप बंद, कारण विजेचं बिल येतं.

आणि मोजणाऱ्याला पैसे कोण देतो? ज्याची चिमणी तो. गुजरातेत हायकोर्टाच्या १९९६ च्या आदेशामुळे बाहेरच्या ऑडिटरकडून पर्यावरण ऑडिट करून घ्यायची पद्धत आली, कागदावर छानच होती, पण ऑडिटर निवडायचा मिलने आणि फी द्यायची मिलने. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी जीपीसीबीबरोबर, म्हणजे गुजरातच्या प्रदूषण मंडळाबरोबर, अहमदाबाद आणि सुरतच्या ४७३ कारखान्यांवर हे तपासून बघितलं. जुन्या पद्धतीत ऑडिटर सांगत होते फक्त ७ टक्के कारखाने धुळीची मर्यादा ओलांडतात, स्वतंत्र मोजणी केली तर निघाले ५९ टक्के. रिपोर्टातले आकडे १५० च्या जरासे खाली गर्दी करून बसलेले. मग अर्ध्या कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी काढून दिला, फी एका सामाईक निधीतून ठरावीक दिली, आणि काही ठिकाणी मागून दुसरी टीम जाऊन तेच परत मोजायची. खोटं "मर्यादेत आहे" लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घसरलं, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. नवीन कायदा नाही, नवीन मर्यादा नाही, फक्त ऑडिटर कोण निवडतो, फी कोणाच्या हातून जाते आणि मोजणी मागून कोणी तपासतं का, एवढंच बदललं. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे माहीत होतंच, पण आकड्यांत कोणी मांडलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सुरतमध्ये धुळीचा बाजार सुरू झाला, एमिशन ट्रेडिंग म्हणतात, कणरूप धुळीसाठीचा असा जगातला हा पहिलाच बाजार. कल्पना त्याआधीची, २०१०-११ च्या सुमाराला केंद्राने गुजरात, तामिळनाडू आणि महाराष्ट्र अशा तिघांसाठी मांडली होती, प्रत्यक्षात उभी केली ती गुजरातने. सुरत भागातले बरेचसे डाईंग-प्रिंटिंगवाले असे ३१७ कारखाने घेतले, त्यातले १६२ चिठ्ठीने बाजारात टाकले, बाकीचे जुन्याच नियमाखाली ठेवले म्हणजे तुलना करता यावी. सगळ्यांच्या चिमणीत सतत मोजणारा मीटर, तो खऱ्या थिंबलच्या सॅम्पलिंगशी जुळवून घेतलेला, आणि आकडा थेट सर्व्हरवर.

बाजारातल्या सगळ्या मिलींनी मिळून महिन्याला किती धूळ सोडायची याची एकच मर्यादा, आधी २८० टन, पुढे खाली आणत १७० टन. त्या मर्यादेइतकेच परमिट, एक परमिट म्हणजे एक किलो. ८० टक्के परमिट मिलींना फुकट वाटले, २० टक्के लिलावात. ज्याची धूळ कमी त्याने उरलेले विकायचे, ज्याची जास्त त्याने विकत घ्यायचे, व्यवहार एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजाराच्या ई-मार्केटवर. भाव ५ रुपयांच्या खाली नाही आणि १०० च्या वर नाही. हिशोबाच्या दिवशी परमिट कमी पडले तर किलोला २०० रुपये, आणि ते वसूल करायला मिलकडून आधीच डिपॉझिट घेऊन ठेवलेलं, त्यामुळे कोर्ट नाही, क्लोजर नाही, सरळ कापून घेतात. हे डिपॉझिटचं लोकांच्या नजरेतून सुटतं, पण माझ्या मते अख्ख्या योजनेतला सगळ्यात शहाणा भाग तोच आहे.

निकाल असा आला की बाजारातल्या मिलींची धूळ बाकीच्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली, जवळजवळ सगळ्या मिलींनी, ९९ टक्के वेळा, पुरेसे परमिट भरले, आणि तेवढीच धूळ कमी करायचा खर्च ११ ते १४ टक्क्यांनी खाली आला. मधे लॉकडाऊनमध्ये बाजार बंद होता तरीही. डॉक्टरचा खर्च आणि वाचलेलं आयुष्य धरलं तर फायदा खर्चाच्या निदान २५ पट असा या बाजाराचा अभ्यास करणाऱ्यांचा हिशोब आहे. २०२५ मध्ये हे सविस्तर छापून आलं.

"पण मिलवाले धूर कमी करतात म्हणजे नेमकं काय करतात", हे मला नेहमी विचारतात. एक बॅग फिल्टर डोळ्यासमोर आणा. मोठी पेटी, आत उभ्या टांगलेल्या कापडाच्या लांब बॅगा, धूर बाहेरून आत जातो, राख कापडावर बसते, आणि वरून हवेचा झटका देऊन ती खाली हॉपरमध्ये पाडतात. सकाळी बॉयलर थंड असताना धुरातली वाफ बॅगेवर ओली बसते आणि राखेचा चिखल होऊन बॅग चोक होते, म्हणून सुरुवातीला थोडा वेळ धूर बायपासने सरळ चिमणीत सोडतात, हे बरोबरच आहे. धूर तापला की बायपासचा डँपर, म्हणजे झडप, बंद करायचा. पण शिफ्ट बदलते, कोणी विसरतं, किंवा डँपर गंजून अर्धा उघडाच राहतो, मग फिल्टर शोभेला आणि धूर रात्रभर बाजूने. दुसरं म्हणजे ठिणगी उडून एका बॅगेला भोक पडतं. बॅगांच्या आत-बाहेरच्या दाबातला फरक दाखवणारं घड्याळ असतं, डीपी म्हणतात, तो अचानक पडला की समजायचं बॅग फाटली. किती ठिकाणी त्या घड्याळाची काच राखेने इतकी माखलेली बघितलीय की काटाच दिसत नाही. मीटर लागला आणि किलोला पैसे लागायला लागले तेव्हा पहिल्यांदा मालकाने बॉयलर ऑपरेटरला विचारलं की रात्री तीन वाजता आकडा का चढला. तोपर्यंत तो ऑपरेटरला फक्त स्टीमचा दाब विचारायचा. करोडोंचं नवीन मशीन आणायच्या आधी आहे तेच नीट चालवण्यात केवढं तरी काम होतं.

आता एक हिशोब करतो, आकडे समजुतीसाठी माझे. समजा एका बॉयलरमधून तासाला १० हजार घनमीटर धूर जातो आणि महिन्याला ६०० तास तो चालतो. धूळ ३०० मिलिग्रॅम असेल तर महिन्याला १८०० किलो, १०० वर आणली तर ६०० किलो, म्हणजे १२०० किलो वाचले. स्क्रबरचा पाच एचपीचा पंप एवढे तास चालवायला, युनिटला ८ रुपये धरले तर साधारण १८ हजार रुपये वीज. परमिटचा भाव १० रुपये असेल तर १२०० किलोचे १२ हजारच होतात, मग मालक पंप बंद ठेवून परमिट विकत घेईल, आणि त्याच्या जागी बॅग फिल्टरवाला एखादा शेजारी, ज्याला नुसत्या फाटलेल्या बॅगा बदलून तेवढीच धूळ स्वस्तात कमी करता येते, तो कमी करून परमिट विकेल. शहराची एकूण धूळ मर्यादेच्या आतच. भाव १५ च्या वर गेला की पहिलाही पंप चालू करतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, कोणाला काय परवडतं हे अधिकाऱ्याला माहीत असायची गरजच राहत नाही, मालकालाच त्याचा स्वतःचा हिशोब सगळ्यात चांगला येतो. दुसरी, सरकारचं खरं काम म्हणजे एकूण मर्यादा घट्ट ठेवणं, ती ढिली ठेवली की भाव ५ रुपयांच्या तळाला बसून राहतो आणि पंप कोणीच चालू करत नाही. त्यामुळे "बाजार आणला म्हणजे सरकारने अंग काढून घेतलं" असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, यात सरकारला जास्त जागं राहावं लागतं.

आणि याचा विकासाशी संबंध इथे आहे की नवीन मिल टाकायला कोणी अडवलेलं नाही. जुन्या पद्धतीत एखादा परिसर फार प्रदूषित झाला की सगळ्यांनाच कुलूप. २००९ मध्ये केंद्राने देशभरातल्या औद्योगिक भागांची प्रदूषणाची यादी काढली, त्यात अंकलेश्वर आणि वापी वर होते, आपल्याकडचे चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर अतिप्रदूषितमध्ये आले, आणि जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ ठिकाणी नवीन प्रकल्प आणि विस्तार थांबवले. चांगला कारखाना आणि घाण कारखाना दोघेही थांबले, मग हळूहळू एकेक ठिकाणची बंदी उठत गेली. बाजारात नवीन येणाऱ्याने परमिट विकत घ्यायचे आणि यायचं, म्हणजे जो कमी धुळीत जास्त कापड काढतो त्याला वाढायला वाव मिळतो. कडकपणाने कारखाने पळतात असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की अनिश्चितपणाने जास्त पळतात, उद्या क्लोजर येईल की नाही, आली तर कोणाला भेटायचं, हे माहीत नसणं धंद्याला फार महाग पडतं.

कागदावर कडक आणि जमिनीवर शून्य याचं सगळ्यात मोठं उदाहरण औष्णिक वीज केंद्रांचं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आली, मुदत दोन वर्षं, मग ती पुढे ढकलली, परत ढकलली, आणि २०२५ च्या जुलैत बहुतेक केंद्रांना सल्फर काढायची यंत्रणा बसवण्यातून सूटच दिली. ज्यांनी वेळेत खर्च केला त्यांना काय मिळालं? पुढच्या वेळी मर्यादा आली की सगळे थांबून बघणार, ढकलतील म्हणून. कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये सेस लावला, वाढवत ४०० वर नेला, पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा केला, आणि २०१७ पासून तो जीएसटी भरपाईत गेला. पैसा गोळा करणं जमलं, ज्या कामासाठी केला ते मागे पडलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

सगळीकडे हाच उपाय चालेल असं मात्र समजू नका. धूळ सगळ्या शहरात मिसळते म्हणून कोणी किती सोडली यापेक्षा एकूण किती हे महत्त्वाचं, पण विषारी रसायनाचं तसं नसतं. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळच्या सचिन गावच्या जीआयडीसीत, म्हणजे तिकडच्या एमआयडीसीत, टँकरमधून खाडीत रसायन ओतलं, वायू सुटला आणि शेजारच्या मिलमधले सहा कामगार मेले. त्याला परमिट-बिरमिट काही नाही, तिथे फौजदारीच पाहिजे. नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचंही वेगळं आहे, पंचगंगेच्या वरच्या गावाने परमिट विकत घेतलं म्हणून खालच्या गावाचं पाणी स्वच्छ होत नाही. धुळीतही एकाच वस्तीला लागून असलेल्या मिलींनीच सगळे परमिट घेतले तर त्या वस्तीने काय करायचं, म्हणून प्रत्येक चिमणीची वरची मर्यादा ठेवलीच पाहिजे. आणि ज्यांच्या चिमणीला मीटरच नाही असे छोटे बॉयलर, चिंध्या, रबर, हाताला लागेल ते जाळणारे, ते यात येतच नाहीत, भिवंडीच्या सायझिंगवाल्यांच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्यांच्या, आसपास राहणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. तिथे इंधनच बदलावं लागेल, गॅसची लाइन किंवा सगळ्यांना मिळून एक मोठा स्टीमचा बॉयलर, आणि त्याला सरकारने पैसे घालावे लागतील.

आपल्याकडे काय आहे? २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्टार रेटिंग सुरू केलं, चिमणीच्या धुळीवरून कारखान्याला एक ते पाच स्टार आणि ते लोकांना बघायला खुले. चांगली सुरुवात होती, पण स्टार कमी पडल्याने खिशाला झळ लागत नाही. २०१४ पासून केंद्रीय मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारे मीटर सक्तीचे केलेत, म्हणजे साखर कारखाने, डिस्टिलरी, सिमेंट, वीज केंद्रं इथे यंत्रं लागलेली आहेत. पण मीटर लावला म्हणजे आकडा खरा येतो असं नाही, प्रोबवर राखेचा थर बसला की आकडा चुकतो, मीटरला दर काही महिन्यांनी थिंबल लावून जुळवावं लागतं, आणि ते जुळवणाऱ्याची फी परत कारखानाच देतो. तिथे परत आपण १९९६ च्या गुजरातेत जाऊन पोचतो. गाळपाच्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चोथ्याची, काळी राख पडते तेव्हा मीटर काय दाखवतोय हे त्या गावाने विचारायला हवं.

माझं ऐकाल तर महाराष्ट्रात पहिलं पाऊल बाजार नकोच, आधी फक्त एवढं करा की मोजणारी लॅब मंडळ चिठ्ठीने ठरवेल, फी कारखाना मंडळाकडे भरेल आणि मंडळ लॅबला देईल, आणि दहातल्या एका रिपोर्टाची मागून दुसऱ्या लॅबकडून परत मोजणी होईल. यात नवीन कायदा लागत नाही आणि कोणाचा कारखाना बंद होत नाही. माझ्यासारख्यांचा थोडा धंदा जाईल, जाऊ दे. वर्षभर आकडे खरे यायला लागले की मग तारापूर किंवा चंद्रपूरसारखी एक जागा घ्यायची, जिथे बॉयलर भरपूर आहेत आणि मीटर आधीच लागलेत, आणि तिथे मर्यादा, परमिट, डिपॉझिट हे सगळं सुरतसारखं लावायचं. गुजरातने सुरतनंतर अहमदाबादमध्येही हे नेलंय, म्हणजे तयार माणसं शेजारी आहेत, शिकायला लांब जायची गरज नाही.

आणि तुम्ही स्वतः एखाद्या एमआयडीसीजवळ राहत असाल तर एक करता येतं. कारखान्याच्या कन्सेंटची, म्हणजे मंडळाने दिलेल्या परवानगीची, प्रत मंडळाकडे मागा, त्यात कोणतं इंधन किती जाळायची परवानगी आहे, चिमणीची उंची किती, धूर साफ करायचं कोणतं यंत्र लावायचंय ते सगळं लिहिलेलं असतं. मग पहाटे बॉयलर पेटवतात तेव्हा आणि रात्री उशिरा, अशा दोन वेळा चिमणीचे तारीख-वेळेसकट फोटो काढत राहा, निदान दोन-तीन आठवडे, आणि तक्रार करताना "खूप धूर येतो" असं न लिहिता त्याच वेळेचा मीटरचा आकडा मागा. फोटोत काळा धूर आणि मीटरवर ६० असं निघालं तर त्या मीटरची जुळवणी शेवटची कधी झाली हा पुढचा प्रश्न, आणि माहिती अधिकारात विचारलं तर त्याचं उत्तर मंडळाला लेखी द्यावं लागतं.